जाऊन राहिलो, बाई

नागपूरच्या त्या दवाखान्यात आयसीयूच्या बाहेर एक लोखंडी बाकडं होतं. दुपारची वेळ, मी त्यावर बसले होते. आत माझा धाकटा भाऊ टेकचंद. न्यूमोनियानं त्याची छाती भरली होती. आत सोडायची वेळ ठरलेली, बाकी सगळा वेळ दाराकडे बघत बसायचं. दार उघडलं की उठायचं, बंद झालं की पुन्हा बसायचं... तेवढ्यात ड्यूटीवरची सिस्टर बाहेर आली. साताऱ्याकडची पोर, बोलायला गोड, मला आजी म्हणायची. माझ्या शेजारी जराशी टेकली आणि म्हणाली, "आजी, बाबा आधी दुसरीकडे कुठं राहायचे का हो?"

"दुसरीकडे कुठं? आमच्या गोंदियालाच. मुर्रीला, माझ्याच घरी."

"नाही, मघापासून सारखं म्हणतायत, 'जाऊन राहिलो, बाई, जाऊन राहिलो.' मला वाटलं, कुठंतरी जाऊन राहिले असतील, तिथली आठवण येत असेल."

तिचा काय दोष? तिच्या मराठीत त्याचा अर्थ तोच होतो. पण माझे दोन्ही तळहात ओले झाले. आमच्या झाडीपट्टीत 'जेवून राहिलो' म्हणजे आत्ता, या घडीला ताटावर बसलो आहे. 'येऊन राहिलो' म्हणजे वाटेत आहे. आणि 'जाऊन राहिलो' म्हणजे निघालो. पाय उचलला आहे, अजून पुरता गेलो नाही, पण निघालो. आणि 'बाई' म्हणजे आमच्याकडे मोठी बहीण. म्हणजे तो मला सांगत होता. मी कोणाला विचारलं नाही, पायातल्या चपला तिथंच राहिल्या, आणि दार ढकलून आत गेले.

आत काय झालं ते सांगते. पण आधी टेकू कोण होता ते सांगायला पाहिजे, नाहीतर ते तुम्हाला उमजणार नाही.

गोंदिया म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे धान येते, बांध्या, तळी, राईस मिली. सगळं सपाट. अशा सपाट मुलखात जन्मून माझ्या भावाला उभ्या दगडाचं वेड कुठून लागलं, देव जाणे. लहानपणी राईस मिलच्या धुराड्यावर चढला होता. खाली माय पदर तोंडात धरून उभी, बाबा शिव्या देऊन राहिले, आणि हा वरून ओरडतो, "बाई, आपलं घर दिसते वो! तुझी चड्डी वाळत हाये!" गावभर हसू झालं माझं. पण त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या तळहातांना घाम सुटला. तो घाम मग आयुष्यभर माझ्यासोबत राहिला. टेकू वर असला की माझे हात ओले. तो कोसभर दूर असो की हजार कोस, हात आधी सांगायचे.

पुढे तो विजेच्या ऑफिसात लाईनमन झाला. मी म्हटलं, चला, चढायची हौस खांबावर फिटेल. कसली फिटते! खांबावर चढला की त्याला लांब सालेकशाकडचे डोंगर दिसायचे. रविवार आला की सायकल काढायची, जंगलातले कडे धुंडाळायचे. कचारगडच्या कड्याला मात्र त्यानं कधी हात लावला नाही. तिथं गोंड लोकांचा देव आहे, गुहेशी तो चपला काढून नुसता बसायचा. त्याच्या कामाचा कडा वेगळा होता, आडरानातला, नाव नसलेला. मग सुट्ट्या काढून घाटाकडे जाऊन शिकून आला. दोरी कशी बांधायची, दगडाच्या भेगेत खिळा कसा ठोकायचा, त्यातून दोरी ओवत वर कसं जायचं. आमच्या भागात दोरी बांधून कडा चढणारा पहिला माणूस तोच. त्याच्या आधी आमच्याकडे दोरी म्हणजे बैलाचं दावं आणि विहिरीची बादली. गावात नाव पडलं 'टेकडीचंद'. पुढे तोच हिमालयात गेला, ज्या शिखरांची नावं मला नीट म्हणता येत नाहीत तिथं उभा राहून आला. पोरापोरींना शिकवून त्यानं एक पिढी उभी केली. ते सगळं लोकांनी लिहिलं, सत्कारात बोलून झालं. मला त्यातलं काय कळतं? मी चौथी शिकलेली बाई, पुढचं वाचन टेकूच्याच पुस्तकांवर झालं. मला एकच गोष्ट पक्की कळते. भेव. त्यालाच तुम्ही भीती म्हणता.

माझे यजमान लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. टेकूनं लग्न केलं नाही, तो माझ्याकडेच राहायला आला. लोक विचारायचे, "काऊन गा टेकचंद, बायको कायले नाही केली?" तर हा म्हणायचा, "घरी एक भिऊन राहिली ना, तेवढी पुरे. दोघी-दोघीले भेवाडून मी काय करू!"

आता ती गोष्ट, जिच्यामुळे माझं सारं बदललं. नाशिककडे एक सुळका होता, खूप उंच, त्यावर चढायला तो गेला. सोबत पुण्याचा अविनाश. टेकूच्याच वयाचा, हुशार, काळजीवाला पोरगा, दोघांची घट्ट दोस्ती. टेकू पुढे चढत होता, अविनाश खाली एका अरुंद कपारीत बसून त्याची दोरी कमरेभोवती धरून होता. मधे धुकं उतरलं. दोघांना एकमेकांचं तोंड दिसेना, फक्त आवाज. टेकूला वरची वाट बंद दिसली, म्हणून तो आला तसा मागे, खालच्या टप्प्याकडे उतरायला लागला. आणि आपल्या माणसाला सांगावं तसं ओरडला, "अविनाऽऽश, उतरून राहिलोऽऽ!"

तुम्ही पुण्याचे असाल तर तुम्हीही तेच समजला असता. अविनाशला वाटलं, गडी खालच्या टप्प्यावर उतरला आणि तिथं राहिला. म्हणजे उभा आहे, सुखरूप आहे. त्यानं बसायची जागा बदलायला दोरी कमरेवरून काढली. आणि त्याच वेळी टेकूच्या पायाखालचा दगड निघाला.

दोरी सापासारखी सळसळत वर जायला लागली. अविनाशनं ती नुसत्या हातांनी पकडली. हातांची कातडी जळून निघाली, पण त्यानं सोडली नाही. टेकू खडकावर आपटला, मांडीचं हाड मोडलं. जिवानिशी वाचला तो अविनाशच्या जळक्या हातांमुळे. आणि पडला तो आमच्या बोलीतल्या एका शब्दामुळे.

प्लास्टर बांधून त्याला घरी आणला तेव्हा मी रडून रडून कोरडी झाले होते. चिडून म्हटलं, "त्या पुणेवाल्याले मराठी येत नाही का रे?"

खाटेवर पडल्या पडल्या टेकू हसला. "येते ना, बाई. त्याची त्याले येते, माझी मले येते. घोळ दोघाच्या मधात झाला."

त्याला हसू येत होतं. मला मात्र त्या दिवसापासून एक नवीनच भेव बसला. दगड निसटेल, दोरी तुटेल, हे भेव जुने झाले होते. पण माणूस ओरडतो आहे, ऐकणारा ऐकतो आहे, शब्दन् शब्द पोचतो आहे, आणि तरी माणूस पडतो... याला काय करायचं? याच्यावर तर खिळाही ठोकता येत नाही.

हाड जुळलं आणि हा पुन्हा दोरी पाहायला लागला. मी आडवी पडले, जेवण सोडलं, बोलणं सोडलं. शेवटी तोच म्हणाला, "बाई, तुले भेव कायचा लागते? खालचा माणूस माझी भाषा समजत नाही, हाच ना? मंग तूच धर दोरी."

मला वाटलं, चेष्टा करतो. पण मी गेले, बघा. सालेकशाच्या त्या आडरानातल्या कड्याखाली, लुगड्याचा काष्टा मारून, येनाच्या झाडाला पाठ लावून, झाडाला स्वतःला बांधून बसले. दोरी पाठीमागून कमरेला वळसा घेऊन दोन्ही हातांत. एका हातानं सोडायची, दुसऱ्या हातानं आवळायची. तो आवळायचा हात जीव गेला तरी उघडायचा नाही. मोहफुलं वेचायला बाया आल्या होत्या, त्यांनी टोपल्या खाली ठेवल्या आणि खो खो हसल्या. "का वो बाई, भावाले दाव्याले बांधला का?" मी म्हटलं, "हाव, घडीघडी पळून जाते ना!" तोंडानं बोलले खरी, पण हातांना असा घाम, की दोरी सरकायला लागली. टेकू खाली आला, म्हणाला, "तुसाची राख लाव." राईस मिलच्या मागे धानाच्या तुसाची राख पडलेली असते, काळी-करडी. ती तो फडक्यातून गाळून, पिशवीत भरून कमरेला बांधायचा, चढताना हाताला लावायला. तेव्हापासून राख गाळायचं काम माझं. त्याची पिशवी वेगळी आणि माझा डबा वेगळा.

आणि त्यानं कायदा केला. दगडावर 'राहिलो' शब्द बंद. घरी काय राहायचं ते राहा, दगडावर फक्त तीन शब्द. 'ताण', 'ढील', आणि वर नीट पोचून स्वतःला बांधून घेतल्यावर 'सोड'. खालच्यानं तोच शब्द परत ओरडायचा, वरच्यानं 'हाव' म्हणायचं, मगच करायचं. हाच कायदा त्यानं पुढे सगळ्या पोरांना शिकवला.

एकदा मात्र तो कायदाही पुरला नाही. कड्याच्या पोटाला एक फुगवटा होता, टेकू त्याच्या पलीकडे गेला, मला दिसेना. अचानक दोरी अशी ओढली गेली, की झाडाला बांधलेली गाठ माझ्या कमरेत रुतली, डोळ्यांपुढे अंधारी आली. मुठी मात्र मिटलेल्या. मग सगळं शांत. पाखरूसुद्धा बोलेना. वरून आवाज आला, "बाई! हायेस का?"

मला उत्तर देता येईना. तोंड उघडलं, पण घशातून हवासुद्धा निघेना. भेव माणसाचा आवाज गिळतो, तेव्हा कळलं मला. तो पुन्हा ओरडला, "बाई!" त्या हाकेत मी पहिल्यांदा त्याचाही भेव ऐकला... काय करू? आवळायचा हात तर उघडायचा नव्हता. म्हणून मी दोरीलाच एक हलका झटका दिला. जरा वेळ गेला. मग वरून, त्या फुगवट्याच्या पलीकडून, दोरीला तसाच हलका झटका आला.

खाली उतरल्यावर त्यानं माझ्या मुठी उघडल्या. मला त्या उघडता येत नव्हत्या, एकेक बोट त्यानं सोडवलं. म्हणाला, "हे बेस झालं. शब्दाचा घोळ होते, झटक्याचा होत नाही."

हिमालयात जायचा तेव्हा दोरीचं दुसरं टोक माझ्या हाती कुठलं असायला! आमच्या रोवणीच्या दिवसांत तो तिकडे बर्फात असायचा. आठवडे जायचे, ना खबर, ना बात. मी चिखलात वाकून रोपं लावायची. चिखलात हात असले म्हणजे एक सोय असते, घाम कोणाला दिसत नाही. शेजारीण म्हणायची, "टेन्शन नको घेऊ वो, येते तुझा टेकडीचंद." आणि एखाद्या दुपारी हात आपोआप कोरडे पडायचे. मी मनात म्हणायची, उतरला. आता हे खरं होतं की माझ्या मनाचे खेळ, मी कधी पडताळून पाहिलं नाही. पाहायचा भेवच लागायचा.

म्हातारपणी त्याला कंपवात झाला. ज्या हातांनी तो बोटभर भेगेत जीव अडकवायचा, त्या हातांतला चहा सांडायला लागला. अंगणात खाट टाकून पडायचा. वर बिरसीच्या विमानतळावरची शिकाऊ विमानं गरगर फिरायची, त्यांच्याकडे बघत म्हणायचा, "पाहा बाई, पोट्टे शिकून राहिले. याईच्या बहिणी कुठं बसल्या असतील वो, हात ओले करून?" आणि हाच माणूस मोरीच्या एका पायरीवरून उतरताना थांबायचा. पाय उचलायचा, पुन्हा ठेवायचा. "बाई, धर." मी धरायची. त्या एका पायरीवर त्याचे डोळे मी पाहिलेत. तसा भेव मी त्याच्या डोळ्यांत कधी पाहिला नव्हता.

एकदा त्याला न्हाणीतून आणून खाटेवर बसवलं आणि विचारलंच, "टेकू, एवढ्याशा पायरीले भेते. मंग तिथं वर तुले भेव नाही लागत होता का?"

 हात थरथरत होते, ते त्यानं मांडीखाली दाबून धरले. म्हणाला, "लागे ना. पण तू खाली होती ना. माझ्या वाटचा भेव तूच घेऊन राहत होती. मी रिकाम्या हातानं चढत होतो." मग म्हणाला, "आता तू बाजूलेच हायेस. मंग आता खाली कोण हाये, बाई?"

 त्याच्या अंगावर चादर टाकली आणि आत जाऊन उगाच भांडी वाजवत बसले. पण तो प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. दवाखान्यात त्या बाकड्यावरही तोच घोळत होता. आता हा निघाला, आणि खाली कोणी नाही असं याला वाटलं तर? एकटाच आहे असं वाटलं तर? मरण तर येणारच, त्याचं वय झालं होतं, माझं तर त्याच्याहून झालं आहे. मला मरणाचा भेव नव्हता. टेकू हाक देईल आणि ती कोणाला उमजणारच नाही, याचा भेव होता. आणि झालंही तसंच. आत तो मला हाक मारत होता, आणि ऐकणारी पोर त्याला पत्ता विचारत होती.

तर मी आत गेले. तोंडावर मास्क, नळ्या, कडेला ते टूं-टूं करणारं मशीन. डोळे अर्धे उघडे. मास्कच्या आत ओठ हलत होते, आता आवाज येत नव्हता. मला म्हणायचं होतं, मी आहे, टेकू, खालीच आहे, दोरी धरली आहे. तोंड उघडलं... आणि पुन्हा तेच. त्या कड्याखालचंच. घशातून हवासुद्धा निघेना.

चादरीवर त्याचा हात होता. आयुष्यभर दगड धरलेला, आणि त्या घडीला, कसा कोण जाणे, अजिबात थरथरत नसलेला. मी त्याचं बोट मुठीत धरलं आणि हलका झटका दिला. थांबले. मशीन वाजत होतं. माझ्या मागे ती सिस्टर उभी होती, तिनं मला बाहेर काढलं नाही, देव तिचं भलं करो. मी थांबून राहिले... त्याचं बोट माझ्या मुठीत हललं. डॉक्टर म्हणतील, शेवटी अशी नस उडते. उडत असेल. मी कोणाशी भांडायला जात नाही. थोड्या वेळानं मशीनचा आवाज बदलला, आणि सगळे धावत आले.

तेरवीला अविनाश पुण्याहून आला. केस सगळे पांढरे. माझ्या पाया पडायला वाकला तेव्हा त्याचे तळहात दिसले, दोरीचा तो पट्टा अजून तसाच, गुळगुळीत, रेषा पुसून टाकलेला. बसला, पाणी प्याला, मग विचारलं, "ताई, शेवटी काही बोलला का?"

मी म्हटलं, "जाऊन राहिलो म्हणे."

अविनाशनं 'कुठं' म्हणून विचारलं नाही. ओंजळ उघडी धरून तिच्याकडेच बघत बसला. म्हणाला, "आता कळतं मला, ताई. एक शब्द शिकायला एवढं वय गेलं." मग ओसरीतल्या खुंटीकडे बघून म्हणाला, "ती दोरी आम्हाला द्याल? संस्थेत नीट काचेत ठेवू." खुंटीला टेकूची दोरी आहे, मी धरायची तीच, जुनी, मळकी. मी म्हटलं, "नेजो कधी. आता नाही." त्यानं मान हलवली.

त्याला तेव्हा का नाही दिली, ते सांगते. टेकूला जाऊन आता काही आठवडे झाले. माणूस गेला म्हणजे त्याच्यासाठी भ्यायचं कारण संपलं, असं सगळे म्हणतात. बायका समजावतात, सुटली तू, आता निवांत झोप. पण सांज व्हायला लागली, बिरसीची विमानं उतरून गेली, की माझ्या तळहातांना घाम सुटतो. पहिल्यासारखाच. हात कधी खोटं बोलले नाहीत माझे. म्हणजे तो अजून वर कुठं तरी आहे, फुगवट्याच्या पलीकडे, मला दिसत नाही एवढंच. आणि 'सोड' तर त्यानं म्हटलेलंच नाही. 'जाऊन राहिलो' म्हणाला. त्या शब्दावर दोरी सोडली की काय होते, ते आमच्या घराला माहीत आहे.

म्हणून मी उठते. डब्यातली तुसाची राख दोन्ही हातांना चोळते. खुंटीवरची दोरी मांडीवर घेते, पाठ खांबाला लावते, आणि अंगणातल्या अंधाराकडे बघत, कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू सांगते, "धरून राहिली रे, टेकू." या शब्दात घोळ होत नाही. याचा अर्थ पुण्याला जो, तोच आमच्या गोंदियाला.